सासूबाईंची चाळीस वाक्यं

विकत मिळणारी गोष्ट घरी करायला घेण्यापूर्वी बायकोला एकदा विचारावं, एवढं शहाणपण एकोणतीस वर्षांच्या संसारानंतर माणसाला यायला हरकत नसते. तराजूसाहेबांना ते आलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, नुसतं जाहीर केलं. अर्धी दाढी झालेली, गालावर फेस तसाच, अशा अवस्थेत त्यांनी बाथरूमच्या दारातून डोकं बाहेर काढलं आणि आईंसाठी बोलणारं यंत्र आपण घरीच बनवणार आहोत, असं सांगितलं. बायकोनं आधी दाढी पुरी करायला सांगितली.

तराजूसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे कार्यालयात ते वरिष्ठ लिपिक होते, दुकानदारांचे काटे तपासले गेले की त्यांच्या नोंदी ठेवायचे, आणि भाजी घेतानासुद्धा पारड्याकडे अशा नजरेनं बघायचे की भाजीवाला आपणहून एक वांगं वाढवायचा. कॉलनीनं हे नाव चेष्टेनं ठेवलं होतं. त्यांना तो सन्मान वाटायचा, आणि कुणीही त्यांचा गैरसमज दूर केला नव्हता.

आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांना तीन महिन्यांपूर्वी झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डोकं शाबूत होतं. समोरचा काय बोलतो ते सगळं कळायचं, पण उत्तर देता यायचं नाही. त्यातही वाईट म्हणजे 'हो' आणि 'नाही' यांची मान हलवण्यात अदलाबदल व्हायची. चहा हवा का म्हणून विचारलं तर नाही म्हणून मान हलवायच्या आणि डाव्या हातानं कप ओढून घ्यायच्या. हे असंच काही दिवस चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. किती दिवस, ते सांगितलं नव्हतं. तेव्हापासून त्या लेकीकडे होत्या.

मोबाइलवर बोलणारं तयार यंत्र मिळत होतं. बायकोनं ते आणूनही पाहिलं. त्यातली बाई असं मराठी बोलायची की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. सासूबाईंनी एकदाच ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. तेव्हा तराजूसाहेबांना आपलं प्रमाणपत्र आठवलं. दोन वर्षांपूर्वी सरकारनं त्यांच्या कार्यालयातल्या लोकांना रुबी नावाच्या संगणकाच्या भाषेचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. ज्या कामासाठी दिलं ते काम पुढे रद्द झालं, बाकीचे लोक पंधरा दिवस डबा खाऊन परत आले, एकट्या तराजूसाहेबांनी रोजचा गृहपाठ केला. ज्ञान वाया जात नाही, असं ते तेव्हाही म्हणाले होते.

बेत मात्र चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे. लेकीचा आवाज हुबेहूब आईसारखा. तिच्या आवाजात चाळीस वाक्यं भरून ठेवायची. प्रत्येकाला एक नंबर. सासूबाईंनी डाव्या हाताच्या बोटानं नंबर दाबायचा आणि यंत्रानं ते वाक्य बोलायचं. पाच म्हणजे 'मला पाणी हवं', आठ म्हणजे 'दिवा मालवा'. तराजूसाहेबांना वाटलं होतं की नंबर पाठ करून घ्यायला महिना तरी जाईल. सासूबाईंनी दोन दिवसांत चाळीसच्या चाळीस पाठ केले. अहो, ज्या बाईनं सबंध शहराचे नंबर डोक्यात वागवले, तिला चाळीस म्हणजे काय. हॉलमधल्या संगणकापुढे खुर्चीत बसून त्या भराभर आकडे दाबायच्या, यंत्रातून लेकीच्या आवाजात, म्हणजे जवळजवळ स्वतःच्याच आवाजात बोलायच्या, आणि तराजूसाहेब मागे हात बांधून उभे राहायचे. चाळीस वाक्यं कोणती असावीत ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं. कुणाला विचारायची गरज त्यांना वाटली नव्हती.

आणि मग एका रविवारी रात्री मेहुण्याचा फोन आला. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. कारखान्यात पाळीवर जाणारा, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणारा, इमारतीला लिफ्ट नाही. आईला आपल्याकडे नेता येत नाही याचं त्याला मनातून फार लागलेलं होतं, आणि लागलेल्या माणसाचा आवाज चढतो तसा त्याचाही चढायचा. त्यानं सांगितलं की शहराबाहेरच्या एका सेवाकेंद्रात जागा रिकामी झाली आहे, माणसं चांगली आहेत, दोन नर्स आहेत, पुढच्या सोमवारी कळवायचं आहे. त्याआधी रविवारी मी येतो, आईला विचारतो, ती मान हलवेल त्याप्रमाणे करू.

त्या मानेची किंमत घरात सगळ्यांना माहीत होती. बायको फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि परत बाहेर आली. मग म्हणाली, "तिनं स्वतः सांगितलं पाहिजे. मी नाही, दादानं नाही. रविवारी तुमचं यंत्र तिच्या पलंगापाशी पाहिजे."

आजवर ती 'तुमचं यंत्र' म्हणायची तेव्हा त्यात एक टोचणी असायची. त्या दिवशी टोचणी नव्हती. तराजूसाहेबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांना एकदम जबाबदारी वाटू लागली. हॉलमधल्या खुर्चीत सासूबाई अर्ध्या तासाच्या वर बसू शकत नव्हत्या. बोलणं पलंगाशी होणार, तेव्हा पलंगाशी लॅपटॉप हवा. हातात सहा दिवस होते.

आता इथे थोडं तांत्रिक सांगणं भाग आहे, पण घाबरायचं कारण नाही. तराजूसाहेबांचा कार्यक्रम, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम, सुरुवातीला एकाच लांबलचक फाईलमध्ये होता. पुस्तकात म्हटलं होतं की शहाण्या माणसानं कामाचे तुकडे करावेत. त्यांनी सोमवारी सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी तुकडे केले: एक मुख्य फाईल, एक आवाजाची, एक बटणांची आणि एक 'वाक्ये' नावाची. मुख्य फाईलनं बाकीच्यांना हाक मारायची आणि त्यांनी यायचं, अशी व्यवस्था. हाक मारली. रुबीनं उत्तर दिलं की 'वाक्ये' नावाची अशी फाईल लोड करता येत नाही.

तराजूसाहेबांनी चष्मा पुसला. फाईल तिथेच होती. त्याच फोल्डरात, मुख्य फाईलच्या अगदी मांडीला मांडी लावून बसलेली. त्यांनी पुन्हा हाक मारली, रुबीनं पुन्हा तेच सांगितलं. समोर उभ्या असलेल्या अर्जदाराला 'आपण हजर नाही' असं तोंडावर सांगण्याचा अधिकार आजवर फक्त त्यांच्या कार्यालयालाच आहे, अशी त्यांची समजूत होती.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. ते सकाळी पेपर मागायला यायचे आणि सल्ला देऊन जायचे. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, संगणकातलं आपल्याला काही कळत नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि लगेच निदान केलं. पत्ता अपुरा आहे. नुसतं नाव लिहून कधी पत्र पोचतं का? घर नंबर, गल्ली, मुक्काम, सगळं घाला. तराजूसाहेबांनी फाईलचा संपूर्ण पत्ता घातला, अगदी संगणकाच्या मुळापासून, स्वतःच्या नावाच्या फोल्डरवरून खाली. फाईल तत्काळ हजर झाली. पोस्टमास्तर पेपर घेऊन समाधानानं वर गेले.

मंगळवारी लॅपटॉप आला. तो कार्यालयानं निकाली काढलेला होता आणि तराजूसाहेबांनी रीतसर अर्ज करून मिळवला होता. त्याच्यावर तेच सगळं उतरवून चालू केलं, तर पुन्हा फाईल सापडेना. पूर्ण पत्ता घातलेला होता, पण तो हॉलमधल्या संगणकाचा पत्ता. लॅपटॉपवर ते घरच नव्हतं. शिवाय लॅपटॉपचा पासवर्ड कार्यालयाच्या संगणक विभागाकडे होता, त्याशिवाय त्यात काही बदलता येईना. पासवर्डसाठी वेगळा फॉर्म होता. फॉर्मात 'कामाचे स्वरूप' असा रकाना होता, त्यात तराजूसाहेबांनी 'सासूबाईंचे बोलणे' असं खरं तेच लिहिलं. फॉर्म दोन टेबलं फिरून परत आला. सदर सासूबाई कार्यालयाच्या कर्मचारी आहेत काय, असल्यास कर्मचारी क्रमांक नमूद करावा, अशी विचारणा होती. तराजूसाहेबांनी आयुष्यात अशा विचारणा स्वतः शेकड्यांनी केल्या होत्या. ती किती लागते, हे त्यांना आजच कळलं.

शेवटी गुरुवारी ते स्वतःच संगणक विभागात गेले. तिथे एक बाई एकट्या सगळा विभाग सांभाळायच्या. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला, पासवर्ड सांगितला आणि भांडण काय आहे ते विचारलं. तराजूसाहेबांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, रुबीकडे फोल्डरांची एक यादी असते. नुसत्या नावानं हाक मारलीत तर ती त्या यादीतल्या जागा वरपासून खालपर्यंत धुंडाळते, आणि जिथे पहिल्यांदा त्या नावाची फाईल भेटेल तिथली उचलते. पुढे बघतसुद्धा नाही. तुम्ही ज्या फोल्डरात बसला आहात तो त्या यादीत नसतो. पूर्वी असायचा, पण कुणीही कुठलीही फाईल शेजारी आणून ठेवील म्हणून बंद केला.

शेजाऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे धोरण तराजूसाहेबांना पटलं. त्यांनी विचारलं की यादीत आपला फोल्डर घालता येतो का. येतो, बाई म्हणाल्या. खाली घाला नाहीतर वर घाला, पण जपून, कारण जो आधी भेटतो त्याचंच ती ऐकते. आणि आणखी काहीतरी सांगत होत्या, पण तराजूसाहेब तोवर उठले होते.

झाली ती चूक इथे झाली, आणि ती दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. वजनमापे कार्यालयात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन गोष्टी झोपेतही सुटत नाहीत. एक, फाईलला नवा कागद लावायचा तो सर्वांत वर. दोन, जुना कागद काढायचा नाही. तपासणी कधी येईल सांगता येत नाही. तेव्हा तराजूसाहेबांनी यादीत आपला फोल्डर घातला तो सर्वांत वर. काही चुकलं की ते फोल्डरची नवी प्रत काढायचे, तीत दुरुस्ती करायचे आणि तिचा पत्ता यादीच्या डोक्यावर ठेवायचे. जुनी प्रत आणि जुना पत्ता होते तिथेच. 'बोलणे', मग 'बोलणे नवे', 'बोलणे नवे दुरुस्त', 'बोलणे अंतिम', 'बोलणे खरे अंतिम'. शुक्रवार संध्याकाळपर्यंत यादीत अकरा पत्ते झाले होते, आणि त्यातल्या सहा ठिकाणी 'वाक्ये' नावाची फाईल होती. तराजूसाहेबांना ती यादी बघून बरं वाटलं. व्यवस्थित वाटली.

शनिवारी त्यांनी हॉलमधल्या संगणकावर शेवटची तपासणी घेतली. चाळीसही वाक्यं लेकीच्या आवाजात, बिनचूक. सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, लॅपटॉपवर उतरवलं, आणि आज लॅपटॉपला विश्रांती द्यावी म्हणून त्याचं झाकण मिटलं. बायकोनं विचारलं की त्याच्यावर एकदा चालवून नाही का बघायचं? तराजूसाहेब म्हणाले की तपासलेला काटा दुसऱ्या दुकानात नेला म्हणून वजन बदलत नाही.

रविवारी साडेदहाला मेहुणा आला. हातात सेवाकेंद्राची माहितीपत्रिका होती आणि ती इतक्यांदा उघडून मिटलेली होती की दुमडींवर फाटायला आली होती. पोस्टमास्तर न बोलावता आले आणि आपण तिऱ्हाईत साक्षीदार आहोत असं सांगून स्टुलावर बसले. सासूबाई उशांना टेकून बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले. तराजूसाहेबांनी लॅपटॉप पलंगावरच्या पाटावर ठेवला, कार्यक्रम चालू केला आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.

सासूबाईंनी चाचणी म्हणून पाच दाबला. लॅपटॉपमधून तराजूसाहेबांचा आवाज आला, "सदर अर्ज अपूर्ण असल्याने परत करण्यात येत आहे."

सासूबाईंनी बोट बघितलं, आकडा बघितला, आणि आठ दाबला. "संबंधित अधिकारी रजेवर आहेत."

झालं होतं ते असं. शुक्रवारी पासवर्ड चालतो का हे बघायला त्यांनी कार्यालयातच दुपारच्या सुट्टीत लॅपटॉपवर एक प्रत काढली होती. बायकोचा आवाज तिथे कुठून आणणार, म्हणून स्वतःच्या आवाजात, तोंडाला आली ती चाळीस वाक्यं भरून टाकली होती. त्यांच्या तोंडाला दुसरं काय येणार. त्या प्रतीचा पत्ता यादीत सर्वांत वर बसला तो तिथेच राहिला, आणि ती यादी संध्याकाळी हॉलमधल्या संगणकावरही तशीच उतरली. हॉलमधल्या संगणकावर ती प्रतच नव्हती, आणि यादीतली एखादी जागा अस्तित्वात नसली तर रुबी तक्रार करत नाही, मुकाट्यानं पुढे जाते. म्हणून घरी सगळं बिनचूक चाललं होतं. लॅपटॉपवर मात्र ती प्रत होती, पहिल्याच पत्त्यावर.

मेहुण्याचा चेहरा लाल झाला. आईच्या जिवाचा प्रश्न आहे आणि इथे थट्टा चाललीय का, असं त्यानं विचारलं. बायकोनं नवऱ्याकडे बघितलं नाही, हे तिनं बघण्यापेक्षा वाईट होतं. फक्त सासूबाईंचे खांदे हलायला लागले होते. आधी सगळे घाबरले. मग कळलं की त्या हसताहेत. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी बारा दाबला, बावीस दाबला, 'पुढील तारीख यथावकाश कळवण्यात येईल' ऐकून डोळे पुसले आणि परत पाच दाबला, नीट लक्षात ठेवल्यासारखा.

मेहुण्यानं स्वतःला सावरलं. तो पलंगाच्या कडेवर बसला, पत्रिका उघडली, आईला एकेक चित्र दाखवलं. बाग, खोली, नर्स. आवाज मऊ करून म्हणाला, "आई, चांगली जागा आहे. मी दर रविवारी येईन. जाशील ना?"

सासूबाईंनी त्याच्याकडे बघत पाच दाबला.

"सदर अर्ज अपूर्ण असल्याने परत करण्यात येत आहे."

पोस्टमास्तरांनी खोकला आल्यासारखं केलं. मेहुणा उठला आणि म्हणाला की यंत्र बिघडलेलं आहे, हे उत्तर मी धरणार नाही. साक्षीदार म्हणून पोस्टमास्तरांनाही तसंच म्हणावं लागलं. आणि खरं सांगायचं तर तराजूसाहेबांनाही तेच वाटत होतं. आईंच्या मनातलं त्यांच्या वतीनं, कार्यालयाच्या भाषेत, कुणी ठरवून टाकू नये.

त्यांनी घाईघाईनं योग्य 'वाक्ये' उघडली, तपासली, सगळं बरोबर होतं. चालू कार्यक्रमातच ती फाईल परत मागवली. रुबीनं उत्तर दिलं, 'फॉल्स'. म्हणजे या नावाची फाईल मी एकदा घेतली आहे, परत घेणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तराजूसाहेबांना ते तोंडावर 'खोटं' म्हटल्यासारखं वाटलं. मेहुणा घड्याळ बघत होता. शेवटी त्यांनी अभिमान गिळला आणि संगणक विभागातल्या बाईंना त्यांच्या घरी फोन लावला.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि यादी वाचून दाखवायला सांगितलं. तराजूसाहेबांनी भर खोलीत, मेहुण्यासमोर, 'बोलणे खरे अंतिम चाचणी' पासून 'बोलणे' पर्यंत अकरा पत्ते वाचले. मग बाई म्हणाल्या, "काढा सगळे. गुरुवारी हेच सांगत होते, तुम्ही उठलात. वाक्यं मुख्य फाईलच्या शेजारीच आहेत ना? मग यादीत नका धुंडाळायला लावू. तू जिथे आहेस तिथून बघ, एवढंच तिला सांगा. मग यंत्र कुठल्याही घरात न्या, चालेल."

सव्वीस वर्षांत एक चिटोरा न फाडलेल्या माणसानं त्या सकाळी अकरा पत्ते एकामागून एक पुसले. पुसण्याआधी प्रत्येक पत्ता त्यांनी पुन्हा मोठ्यानं वाचला, हे पोस्टमास्तरांनी नंतर सगळ्या जिन्याला सांगितलं. एक ओळ बदलली, कार्यक्रम बंद करून नव्यानं चालू केला. सासूबाईंनी पाच दाबला. लेकीच्या आवाजात, 'मला पाणी हवं'. बायको खरंच पाणी आणायला वळली.

सासूबाईंनी पाण्याकडे ढुंकून बघितलं नाही. त्यांनी एक्केचाळीस दाबला. यंत्र गप्प. पुन्हा एक्केचाळीस. तराजूसाहेब वाकून म्हणाले की आई, एक्केचाळीस नाहीये, चाळीसच आहेत. सासूबाईंनी जावयाकडे असं बघितलं, जणू त्यांनी लाइन मागितली होती आणि पलीकडच्या एक्स्चेंजनं लाइन नाही म्हणून सांगितलं होतं. आणि तिसऱ्यांदा एक्केचाळीस.

"अहो, एक्केचाळीस नाहीये हे तिला कळतंय," बायको म्हणाली. "तिला त्या चाळिसांतलं काही म्हणायचंच नाहीये."

तराजूसाहेबांनी मनातल्या मनात ती चाळीस वाक्यं मोजली. पाणी, दिवा, खिडकी, उशी, पंखा, गोळी, पाठ दुखते, डोकं दुखतं. सगळं त्यांनी स्वतः विचार करून लिहिलं होतं. कुठे राहायचंय, कुणाजवळ, काय वाटतं, यातलं एक अक्षर नव्हतं. ज्या एका वाक्यासाठी आठवडाभर ही धावपळ चालली होती, ते त्यांनी घालायचंच राहून गेलं होतं. त्यांना फार लाज वाटली. त्यांनी ती बोलून दाखवली नाही, पण माइक आणायला ते आतल्या खोलीत गेले तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

एक्केचाळीस नंबरला 'मला इथेच राहायचंय' घालायचं ठरलं. बायको म्हणाली की हे मी म्हणणार नाही, मी म्हटलं तर ते माझं होईल. तेव्हा तराजूसाहेबांनी म्हटलं. आधी घसा खाकरला, तोही त्यात आला. परत करू का विचारेपर्यंत मेहुण्यानं माइक हातात घेतला होता. बेचाळीसला मेहुण्यानं 'मला सेवाकेंद्रात जायचंय' म्हटलं. आईच्या वतीनं हे वाक्य म्हणताना त्याचा आवाज एकदम लहान झाला. मग सगळे थांबले, दोन झाले म्हणून.

पोस्टमास्तर स्टुलावरून म्हणाले, "कायमचा पत्ता राहिला."

कुणालाच ते सुचलं नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला सासूबाईंचं स्वतःचं तळमजल्यावरचं घर तीन महिने कुलपात होतं, आणि एकटीनं राहण्याचा प्रश्नच नाही म्हणून त्याचं नावही कुणी काढलं नव्हतं. बायकोनं माइक घेतला आणि त्रेचाळीस भरलं.

सासूबाईंनी तीनही आकडे ऐकून घेतले. मग चार दाबला, तीन दाबला.

'मला माझ्या घरी जायचंय.'

तो आवाज लेकीचा होता, पण मेहुण्यानं तो ऐकला तो लहानपणापासून ऐकलेल्या आवाजासारखाच. "परत दाब, आई," तो म्हणाला. त्यांनी परत दाबला. तिसऱ्यांदा न सांगता दाबला. मेहुणा आईच्या पायाशी बसला आणि सगळ्यांसमोर रडला, आणि कुणी त्याला उगी म्हटलं नाही.

तराजूसाहेबांना वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा. तीन महिने त्यांनी आईंना हातानं भरवलं होतं, उशी बदलली होती, आणि एक्केचाळीस भरताना आई तोच नंबर दाबतील अशी त्यांना मनातून खात्री होती. पण माणूस हाडाचा लिपिक. त्यांनी कागद घेतला, उभ्या रेघा मारल्या आणि वारांचे रकाने पाडायला घेतले. मेहुण्याची पाळी संपते ते दिवस त्याचे, बाकीचे आपले, दिवसा सांभाळायला एक पगारी बाई. मेहुणा डोळे पुसत शेजारी येऊन बसला आणि एका रकान्यात स्वतःहून आणखी एक दिवस घातला.

पुढच्या रविवारी ते सगळे सासूबाईंच्या घरी गेले. कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या, बायकोनं ओल्या फडक्यानं पलंगाजवळचं टेबल पुसलं. तराजूसाहेबांनी लॅपटॉप त्याच्यावर ठेवला आणि चालू केला. त्यानं एका शब्दानंही तक्रार केली नाही. सासूबाई पलंगावर टेकल्या. खोलीभर सावकाश नजर फिरवली, भिंती बघितल्या, खिडकीबाहेरचं झाड बघितलं. मग डाव्या हाताचं बोट पुढे करून त्यांनी न अडखळता चार दाबला आणि एक दाबला.

आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग तराजूसाहेबांचा गंभीर, कार्यालयीन आवाज त्या घरात स्वच्छ ऐकू आला, 'मला इथेच राहायचंय.'

तराजूसाहेब हे स्वतःच्या घरी बोलले होते, स्वतःच्या घरासाठी. सासूबाईंनी डाव्या हातानं त्यांचा हात थोपटला. मेहुण्यानं दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि आत नेऊन कपाटात आईचे कपडे लावायला घेतले.